कुंदाबायची परकी

वाचकहो, उद्या तुम्ही मेलात तर सुतक कोणाला लागावं असं तुम्हाला वाटतं? कोणाला लागेल ते विचारत नाही. ते भटजी सांगतील. कोणाला लागावं?

उत्तराची घाई नाही. तोवर मला जिच्याशी बोलायचं आहे तिच्याशी बोलू द्या.

कुंदाबाय, तू जाऊन अजून महिना झालेला नाही, आणि तेवढ्यात तुझ्या सोप्यावर असा तमाशा झाला की तू बघायला नव्हतीस याचाच मला राग आला. रडू नंतर आलं. आधी राग. भांडण तुझ्याच सुतकावरून लागलं. पिढ्या मोजल्या गेल्या, रक्ताची चर्चा झाली, एक मेलेला पणजा उठवून साक्षीला उभा केला गेला, आणि तू आपली मेजावरच्या फोटोत. तोही आधार कार्डावरचा फोटो, ज्यात तू कोणाचा तरी खून करून आल्यासारखी दिसतेस. मी दुसरा सुचवला होता. माझं कोणी ऐकलं नाही. त्या घरात माझं कोणी का ऐकावं, यावरूनच तर सगळं रामायण झालं.

आम्ही डिचोलीजवळच्या मुळगावात आलो ते खाणींच्या दिवसांत. माणसं दोडामार्गाकडची, बाबा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर आणि उरलेल्या वेळात ड्रायव्हरांच्या संघटनेची पत्रकं वाटणारे. तुझ्या परसातल्या खोलीत आम्ही भाडेकरू. घरात पत्रकांशिवाय छापील काही नव्हतं, म्हणून मी त्यांवरच वाचायला शिकले. माझ्या वयाची मुलं बाराखडी गिरवत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' न अडखळता वाचायचे. पहिल्याच दिवशी आई मला घेऊन तुझ्याकडे आली. "मावशीच्या पाया पड," म्हणाली. तू चष्म्यावरून बघितलंस.

"मावशी म्हणजे आईची बहीण. पुरावा?"

आईने काकी करून बघितलं. तू काकाचं नाव विचारलंस. आत्या म्हटल्यावर तू बाबांकडे नुसतं बघितलंस, तर बाबाच घाबरून म्हणाले, "नाय, नाय, ती माझी भयण नाय." शेवटी आई कावली. "मगे पोरीन तुमका हाक तरी काय मारूची?"

"बाय म्हण. बाय कोणालाही म्हणता येतं. त्याला पुरावा लागत नाही."

तू तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचीस आणि त्या घरात एकटीच राहायचीस. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात. तू दुसऱ्यांच्या थडग्यांत शिरलीस. तुझी एक जुनी विद्यार्थिनी परदेशात प्राचीन हाडांतून डीएनए काढणाऱ्या गटात काम करत होती आणि त्यांना गणित करणारं माणूस हवं होतं. हाडं तिकडे, आकडे इकडे. मोडेमला सिग्नल फक्त देवघरात मिळायचा, म्हणून तो देवांच्या रांगेत बसला. वीज गेली की हजारो वर्षांपूर्वीचं एखादं कुटुंब अर्ध्यावर लटकायचं आणि तू वीजखात्याला फोन करायचीस, "अहो, माझी माणसं अडकलीत!" ते बिचारे विचारायचे, "लिफ्टमध्ये काय?"

तोवर संघटनेची पत्रकं मीच लिहायला लागले होते. त्या कामाचं तू मला सांगितलंस ते असं. दाताच्या मुळाशी आणि कानाच्या आतल्या हाडात डीएनए टिकतो, पण तुकड्यातुकड्यांत, उंदरांनी कुरतडलेल्या पत्रकासारखा. दोन माणसांचे तुकडे घेऊन जुळणी किती ते मोजायचं. पाव वाटा जुळला तर ते आजा-नातू असतील, काका-पुतण्या असतील, नाहीतर एका बापाचे सावत्र भाऊ असतील. हाडाला यापुढचं कळत नाही.

"मग कसं ठरवायचं?" मी विचारलं.

"तिसऱ्याला विचारायचं. डिचोलीच्या बाजारात काय करतात? दोघांचं काय आहे ते त्या दोघांना कोण विचारतो?"

म्हणजे जाळं. प्रत्येक मेलेलं माणूस हा एक ठिपका, नातं म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ, आणि बाकीच्यांच्या रेघा बघून या रेघेचा अर्थ लावायचा. कोण बाई, कोण पुरुष, कोण किती वयाचं, कोणाला कोणाशेजारी पुरलं, हेही त्या गणितात घालायचं. आणि एवढं करून 'नातं आहे' असं लिहायचंच नाही. 'नातं असण्याची शक्यता इतकी' असं लिहायचं. इथे माझं डोकं फिरलं.

"शक्यता? बाय, पत्रकात असं लिहितात काय? 'ड्रायव्हर बंधूंनो, आपल्यावर बहुधा अन्याय होत आहे, तरी शक्यतो मोर्चाला यावे'?"

"तसं लिहिलं असतंस तर निदान खोटं ठरलं नसतं. मागच्या मोर्चाला डिचोली बंद पडणार म्हणून छापलंस. पडली?"

"पाऊस होता."

"एप्रिलात?"

तू चुकायची नाहीस असंही नव्हतं. ते जुळे आठव. तू जत्रेतलं गोड खाजं घेऊन आमच्या खोलीत आलीस आणि सांगितलंस, जुळे भाऊ मिळाले, एकाच खड्ड्यात, कण न् कण सारखा. बाबांचे डोळे भरून आले. भावाभावांचं काही निघालं की त्यांचे भरतातच. पुढच्या आठवड्यात कळलं की दोन पिशव्यांत दोन दाढा होत्या आणि दोन्ही एकाच माणसाच्या. उजव्या आणि डाव्या दाढेचं इतकं सख्य जगात तूच शोधून काढलंस. तेव्हापासून बाबा सकाळी पावाचे उंडे आणायला जाताना तुझ्या खिडकीपाशी थांबून विचारायचे, "बाय, तुझे भाव बरे आसत मां?" आणि तू आतून, "एक वारलो रे!"

'परकी' हे नाव मला त्याच दिवसांत मिळालं. मी विचारलं होतं, जुळणी जास्त म्हणायची ती कशाच्या मानाने? तू खूश झालीस. माझ्याकडून शहाणा प्रश्न तुला क्वचितच मिळायचा. "परक्यांच्या मानाने," म्हणालीस. लहान गावात पिढ्यान् पिढ्या आपसात सोयरिकी झाल्या की कोणीही कोणाशी थोडंफार जुळतंच. म्हणून आधी त्याच गावातली, एकमेकांची काही न लागणारी माणसं धरायची आणि ती किती जुळतात ते बघायचं. त्याच्या वर जे जुळेल ते नातं.

"ते चुकलं तर सगळं गाव सख्खं निघतं. परकं माणूस असल्याशिवाय आपलं माणूस मोजताच येत नाही गो." मग वांगं चिरता चिरता सुरी माझ्याकडे रोखलीस. "आता मुळगावात माझी परकी कोण? तू."

झालं. तेव्हापासून पोस्टमनला, डॉक्टरला, येईल त्याला तीच ओळख. "ही माझी परकी." लोकांना वाटायचं तू मला हाकलते आहेस. मला राग यायचा, आणि तो राग मी भांडणासारखा मांडायचे, कारण मला दुसरी तऱ्हा येत नाही. एकदा म्हटलं, "माझी थुंकी घे आणि तपासून टाक. दोडामार्ग ते मुळगाव अंतर ते केवढं? निघेल काहीतरी."

"तुझी थुंकी भाषणांत जाते तेवढी पुरे."

"तपास म्हणते ना!"

"आणि निघालं काही तर माझी परकी जाईल. दुसरी कुठून आणू?"

तू हे इतक्या सहज बोललीस की मी टोपलीतली वांगी उचलून धुवायला घेतली. पत्रकात सगळं बोलता येतं, बाय. वांगी धुताना नाही येत.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. ती दफनभूमीतली बाई. मधोमध पुरलेली, कडेला मुलं, गळ्यात मणी, आणि जाळ्यात तिला एकही रेघ नाही. मुलं तिची नव्हेत, शेजारचा पुरुष तिच्या रक्ताचा नव्हे. तुझ्या गटातल्या काहींचं म्हणणं होतं की तिला चित्रातून वगळावं. रेघ नसलेला ठिपका काढला की चित्र सुबक दिसतं. तू मेलवर मेल लिहून भांडलीस. मी तुझ्या बाजूने उतरले आणि तेच तुला झेपलं नाही. मी पत्रक लिहिलं: 'प्राचीन मोलकरणीला न्याय द्या!' तू लाल पेनाने 'मोलकरीण'खाली दोनदा रेघ ओढलीस.

"पुरावा?"

"तिचं कोणी नाही आणि ती मधोमध. राबवूनच घेतली असणार."

"तिचं कोणी नाही असं कोण म्हणतं? डीएनएची रेघ नाही एवढंच. बायको असेल. नवरा-बायकोत रक्ताची रेघ कुठे असते? दाई असेल. मैत्रीण असेल. तुझ्यासारखी भाडेकरू असेल आणि सगळ्यांचं डोकं खात असेल."

"मग तसं लिही!"

"मला माहीत नाही, तर लिहू कशी?"

"सगळ्यांनी माहीत नाही म्हटलं तर तिची बाजू घ्यायची कोणी?"

"तिला चित्रात ठेवली ही बाजू नाही?"

मी दार आपटून गेले. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं, निदान अर्धं. पुराव्याची वाट बघत बसलेल्या सभ्य माणसांनी आमच्या बाबांसारख्यांचं काय भलं केलं ते मी पाहिलंय. यावर तू काहीतरी खवचट बोलली असतीस. ते आता मलाच तयार करावं लागतं, आणि दोन्ही बाजू मीच बोलले की तू दरवेळी हरतेस. त्यात काही मजा नाही.

तर सुतक. तुला अग्नी देऊन झाल्यावर भावकी तुझ्या सोप्यावर जमली. रडायला नव्हे, मोजायला. जत्रा तोंडावर आली होती, आणि पालखीपुढे दिवटी धरायचा मान दत्तादादाच्या घराचा. वाचकांसाठी सांगते, दत्तादादा म्हणजे शेजारच्या घरातला, भावकीतला तुझा पुतण्या. सुतक लागलं की देवळाची पायरी चढायची नाही. दिवटी यंदा दुसऱ्याच्या हातात जाणार. जो जन्मभर 'बाय आमच्या रक्ताची' म्हणत तुझ्या झाडाचे फणस उतरवायचा तो आता भटजीकाकांना विचारत होता, "पण भटजी, बाय तशी आमची लांबचीच न्हय?"

भटजीकाकांनी बोटांवर पिढ्या मोजल्या. "पाचवी. सातवीच्या आत आहे. लागतं."

मग दत्तादादाने हुकमी पान टाकलं. "आमचो पणजो दत्तक आयिल्लो. आमचा रक्तच वेगळा. मगे सुतक कसला?"

बाय, मी दाराशी बसले होते आणि तुला हाक मारावी असं मला खरंच वाटलं. जी भावकी तुझ्या कामाला 'मेल्यांची हाडां उकरप' म्हणून नाकं मुरडायची, ती तुझ्याच सोप्यावर बसून तुझ्याशी डीएनएची रेघ नाही असा दावा लढवत होती. फक्त तुझं लाल पेन कमी होतं.

भटजीकाकांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "दिवटीचा मान तुमच्या घरात कोणी आणला?"

"पणज्यान."

"दत्तक येऊन?"

दत्तादादाने खांद्यावरचा पंचा सारखा केला.

"दत्तक खरा, तर सुतक खरं. दत्तक खोटा, तर मान पण खोटा. सांग, काय लिहू?"

"सुतक," दत्तादादा म्हणाला. इतक्या पडेल आवाजात तुझ्याशी नातं कोणी कबूल केलं नसेल.

तेव्हा मी विचारलं, "भटजीकाका, मला किती दिवस?"

सगळे वळून बघायला लागले. ज्यांना नको त्यांच्या गळ्यात पडलं होतं आणि ही बया मागून घेत होती.

"तुला? तू तिची कोण?"

मी तोंड उघडायच्या आत दत्तादादाची बायको म्हणाली, मनात काही वाईट न ठेवता, "ती परकी न्हय? बायच तशी सांगताली."

आणि मला हसू फुटलं. थांबेचना. तुझ्या त्या खुनी फोटोकडे बघून आणखी फुटलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. भटजीकाका गडबडले. "परक्याला सुतक नसतं, बाळ. तू आंघोळ केलीस की झालं," म्हणाले. शास्त्रात माझ्या वाट्याला तुझ्यासाठी एक आंघोळ होती.

घरी येऊन मी संतापाने पत्रकाचा मथळा लिहिला: 'सुतक कोणाच्या बापाचं?' बाबांनी वाचलं आणि कागदाच्या तळाशी बघितलं. "हेच्यार संघटनेचा नाव खंय आसा?"

"संघटना नाही. मी एकटीच."

"मगे मोर्चाक सगळे येतले," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तिन्हीसांजेला दत्तादादा आमच्या दारात उभा. मी लढाईच्या तयारीने उठले. तो चपलांकडे बघत म्हणाला, "देवाकडे दिवो लावक जाय. भावकीचे देव बायच्या घरात, आणि आमच्या सगळ्या घरांक सुतक. आमचो हात चलना. भटजी म्हणता, परक्या माणसान लावचो."

याच दत्तादादाचा मान सरंजामी आहे असं मी जत्रेत पत्रक वाटून जाहीर केलं होतं. तो ते विसरला नव्हता, मीही नव्हते. देवबीव मी मानत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. पण तुझ्या एवढ्या मोठ्या भावकीला त्या दिवसांत परकं माणूस म्हणून एकच नाव सुचत होतं.

मी दिवा लावला. शेजारी तुझा मोडेम हिरवा लुकलुकत होता. काहीतरी म्हणायला हवं होतं, पण मला आरत्या येत नाहीत, घोषणा येतात. दत्तादादा उंबऱ्याबाहेरून सूचना देत होता, "वात वयर काड. तेल घाल. तितक्या नाका, आग लागतली!" सुतक फिटेपर्यंत रोज हेच चाललं. रोज आमचं भांडण व्हायचं, आणि रोज तो वेळेवर यायचा. एका संध्याकाळी मला उशीर झाला तर तो नुसता उंबऱ्याशी बसून होता. म्हणाला, "बाय आसती तर म्हाका गाळी घालती." मी म्हटलं, मीही घालू शकते. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

तुझ्या विद्यार्थिनीची मेल आली. तुमचा लेख आता छापायला जाईल, त्या बाईचा ठिपका ठेवायचा की नाही यावर अजून एकमत नाही, तुझं काय म्हणणं होतं ते मला माहीत आहे का, असं विचारलंय. मी लिहिलं, ठेवा. ती कोण होती ते विचारलं तर माहीत नाही म्हणा. हे वाक्य लिहिताना मला किती त्रास झाला ते तुला कळेल.

आणि मग ती निधनवार्ता. दत्तादादा म्हणाला, "तू लिवपी मनीस, तूच लिही." मी लिहिली. 'त्यांच्या पश्चात पुतणे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' त्याने वाचली आणि म्हणाला, "आनी तू?"

"माझं नातं काय लिहू?"

त्याने कागद परत माझ्या हातात दिला. "बाय म्हणताली तेंच लिही."

म्हणून नातवंडांच्या पुढे 'व परकी' असं लिहून मी माझं नाव घातलं. वर्तमानपत्राच्या कचेरीतून फोन आला. "हे पणती असणार, नाही का? चूक झालीय." मी समजावलं. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, पण नात्याशिवाय नाव त्या वाक्यात बसत नाही." दुसऱ्या दिवशी छापून आलं. पुतणे, सुना, नातवंडे. वाक्य सुबक दिसत होतं.

बाय, निषेधाची पत्रकं वाटत वाढलेली मी, आणि मला एक शब्द सुचेना. पेपर घडी घालून ठेवला. मग शेजारच्या घरातून आवाज यायला लागला. दत्तादादा फोनवर होता आणि रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती इतक्या मोठ्याने ओरडत होता, "तुमका कोणी सांगला गाळूक? आमच्या घरातला मनीस तुमी काडलास कसा?"

तुला मी कधी थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू कशाबद्दल ते विचारलं असतंस. आता विचारायला तू नाहीस, तर सांगून टाकते. मी तुझी होते. पुरावा नाही.

वाचकहो, आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या घरात कोणी जाईल आणि ते वाक्य लिहायची पाळी तुमच्यावर येईल, तेव्हा 'असा परिवार आहे' लिहून पूर्णविराम द्यायच्या आधी थांबा. गेलेल्या माणसाला डॉक्टरकडे कोण न्यायचं, त्याच्याशी रोज कोण भांडायचं, तो नसल्यावर कोणाची संध्याकाळ रिकामी होणार आहे, ते घरात सगळ्यांना विचारा. ते नाव तुम्हाला माहीत असतं. लिहा. कचेरीतून फोन येईल, नातं काय म्हणून विचारतील. शब्द नसेल तर शब्द नाही म्हणून सांगा, पण नाव गाळू देऊ नका.